दोन बोटं उजवीकडे

बापूंच्या खळ्यातून कुणालाही सरळ चालत जाता येत नसे. फाटकातून आत आलं की गोठ्याच्या कडेकडेने जायचं, मग विहिरीला वळसा, मग लिंबाखालून ओट्यावर. दूधवाला तसाच जायचा, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाव्हणे तसेच जायचे, आणि एकदा मतं मागायला आलेला पुढारीसुद्धा आपल्या दहा माणसांसकट तसाच गेला. मधली शेणानं सारवलेली मोकळी जागा बापूंच्या चेंडूची होती. तिच्यावर कुणाचा पाय पडला तर बापू ओरडत नसत. नुसते त्या पायाकडे बघत बसायचे, आणि पाय आपोआप उचलला जायचा.

मी पहिल्या दिवशी तिथून सरळ चालत गेले होते. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात शेगडी, आणि डोकं तापलेलं. मी घाटावरची. नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिकेची नेमणूक झाली म्हटल्यावर आमच्याकडे लोकांनी अशी तोंडं केली होती की जणू मला सुळावरच चढवणार आहेत. एसटी, मग रिक्षा, मग दीड किलोमीटर पायी, असं करत मी तापीकाठच्या त्या गावात भाड्याची खोली बघायला पोचले, तर खळ्याच्या टोकाला एक धोतर-बंडीतला उंच म्हातारा लोखंडी काठी हातात धरून ओणवा उभा. म्हणाला, "मॅडम, तुम्ही ग्रीनवर उभ्या शेतस."

"मी शेणावर उभी आहे," मी म्हणाले.

आतून कुणीतरी बाई खळखळून हसली. ती जिजी, बापूंची बायको. खोली मला त्या हसण्यामुळे मिळाली असं मी आजही मानते, कारण बापूंनी तर मला तिथूनच परत पाठवलं असतं.

गावात म्हणायचे, बापूले चेंडू लागना. भूत लागतं तसा. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही चेष्टा चालायची. मीही सुरुवातीला पोट धरून हसले आहे, खोटं कशाला बोलू? दहा एकर काळी जमीन असलेला माणूस, धाकटा भाऊ शेती करतो आणि हा पहाटे उठून एक पांढरा चेंडू काठीने हळूच ढकलतो, तो जमिनीत पुरलेल्या डब्यात पडला की काढतो, परत ढकलतो. दिवसभर टक्, खण्ण, टक्, खण्ण. डबा जिजीचा होता, दूध मोजायचा. तोंडाचं माप बरोबर जमतं म्हणून एक दिवस तो तिच्या मांडणीवरून उठला आणि जमिनीत गेला. जिजी म्हणायची, "माले सवत उनी, आनि तीबी मन्हाच डबा लई गई."

या वेडाचं मूळ सीमेपलीकडे होतं. बापूंनी एकतीस वर्षं गुजरातेत एका मोठ्या कारखान्याच्या गोल्फ मैदानावर माळी म्हणून नोकरी केली होती. शेवटी हेडमाळी. भोकाभोवतीचं ते बारीक गवत, त्याला ते ग्रीन म्हणायचे, रोज पहाटे कापायचं, दाढी केल्यासारखं. महिन्यातून एकदा गावी. जिजी इथे सासू-सासरे, गुरं, तीन मुलं आणि शेती बघायची. तिला कधी तिकडे नेता आलं नाही. क्वार्टर एका खोलीचं, त्यात चार माळी, आणि मैदानावर बाहेरच्या माणसाला मज्जाव. निवृत्त झाले तेव्हा एका साहेबाने आपल्या जुन्या काठ्यांचा संच बापूंना दिला आणि कारखान्याने एक सवलत दिली: जुन्या नोकरांना सोमवारी सकाळी मैदानावर खेळता येईल. एकतीस वर्षं ज्या गवतावर फक्त वाकून काम केलं त्यावर आता उभं राहून खेळायचं. दर सोमवारी नंदुरबारहून पहाटेची गाडी धरून बापू जायचे. काठ्या गोणपाटात गुंडाळलेल्या. नवापूर येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांनी विचारलेलं असायचं, काका, आत काय, बंदूक का?

त्यांना हवा होता एक आकडा. अठरा.

तो आकडा मला समजायला आठवडा लागला, आणि मी विज्ञानाची शिक्षिका. पट्टीच्या खेळाडूला पूर्ण मैदान खेळायला जितके फटके लागतात, त्याहून तुम्हाला साधारण किती जास्त लागतात, तो तुमचा हँडीकॅप. म्हणजे जितका कमी तितका खेळाडू चांगला. गावात पारावर बापूंनी हे समजावलं तेव्हा एक जण गंभीरपणे म्हणाला, "कमी मार्क पडनात म्हणजे हुशार? मंग आमना पोऱ्या तर पहिला शे." बापूंचा हँडीकॅप एकोणीस होता. मी राहायला आले तेव्हा एकोणीस, पुढल्या वर्षी एकोणीस, त्याच्या पुढल्या वर्षीही एकोणीसच.

आणि अठरा कशाला? तर त्या मैदानावर वर्षातून एकदा, जानेवारीच्या शेवटी, मोठा सामना होतो. अठरा आणि त्याखालच्यांनाच खेळता येतं. त्या एका दिवशी खेळाडूंच्या घरच्यांना आत बोलावतात. पहिल्या ग्रीनच्या कडेला गवतावर खुर्च्या मांडतात, जेवण असतं. त्या खुर्च्या एकतीस वर्षं बापूंनी मांडल्या होत्या, दुसऱ्यांच्या बायकांसाठी.

"मॅडम," ते मला एकदा म्हणाले, "मी तिले काय दिन्हं जन्मभर? मन्हं काम तिनं देखंच नही. गवत कापस म्हणे. गवत तर बैलबी कापस. एकदाव तिनी त्या खुर्चीवर बसाले जोयजे. मंग तिले समजी, मी तठे काय करी ऱ्हायंतू."

जिजी चुलीपाशी होती. तिने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. पण तिच्या पेटीत एक हिरवं पातळ कोरं ठेवलेलं होतं, ते मला तिने दाखवलं होतं. सामन्याच्या दिवशी नेसायचं म्हणून. तीन वर्षं ते तसंच घडीत पडलेलं, डांबरगोळ्यांचा वास मारणारं.

लांबचे फटके बापूंना उत्तम जमायचे. शेतकऱ्याचे खांदे. घोडं पेंड खायचं ते भोकाजवळ, शेवटच्या सात-आठ पावलांत, जिथे ताकद नको, नुसतं हळूच ढकलायचं असतं. तिथे दोनाच्या जागी तीन फटके जायचे. मैदानावरच्या अठरा भोकांमध्ये असं चार-पाच वेळा झालं की एकोणीस तो एकोणीस. म्हणून हा खळ्यावरचा सराव. बापू जमिनीला उलटा तळहात लावून बघायचे, लोटाभर पाणी ओतून ते कुठे जातं हे उकिडवे बसून बघायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणाचं भांडण सोडवायला गेले तरी तेच, मुलीला स्थळ बघायला गेले तरी तेच. "जमीन खोटं बोलत नही. खोटा ऱ्हास तो आपला हात."

आणि घरी, या खळ्यावर, तो हात मुळीच खोटा नव्हता. दहापैकी नऊ चेंडू डब्यात. विहिरीच्या टोकाला उभं राहायचं, डब्याच्या दोन बोटं उजवीकडे नजर धरायची, ढकलायचा. चेंडू जायचा, शेवटी हळूच डावीकडे झुकायचा आणि खण्ण. मग सोमवारी तिकडे जाऊन हेच करायचं, आणि चेंडू भोकाच्या उजवीकडून निघून जायचा. परत येताना बापू गाडीभर नव्या हेडमाळ्याला शिव्या घालायचे. गवत नीट कापत नाही, पाणी भलत्या वेळी देतो, माझी सगळी मेहनत मातीत घातली. एकदा तर त्या माळ्याशी तिथेच हातघाईवर आले आणि पुढचे दोन सोमवार त्यांना फाटकातून आत घेतलं नाही.

त्यांच्यावर मला राग यायचा, पण तो टिकायचा नाही. मिरचीच्या दिवसांत तर मुळीच टिकायचा नाही. मिरची खुडून आली की सगळं खळं लाल व्हायचं, पाय ठेवायला जागा नाही. नाकातोंडात तो झणका. पण जिजी मिरची पसरताना विहिरीपासून डब्यापर्यंत हातभर रुंदीची एक वाट मोकळी सोडायची. रोज संध्याकाळी मिरची गोळा करायची, सकाळी परत पसरायची, आणि रोज ती वाट. मी म्हटलं, जिजी, एवढ्या जागेत आणखी अर्धं पोतं वाळेल की. ती म्हणाली, "वाळी. पन तो कोठे जाई?" बापू त्या वाटेवर उभे राहून दोन्ही बाजूंच्या लालभडक मिरचीमधून चेंडू ढकलायचे, आणि मधूनच शिंकायचे. चेंडू हाताळून तोच हात डोळ्याला लागला की बोंब. जिजी पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि त्यांचे डोळे धुताना एक शब्द बोलायची नाही, फक्त खांदे हलायचे तिचे, हसू दाबताना.

तिसऱ्या वर्षीच्या आखाजीला सगळं उलगडलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. जिजी साठीची झाली तरी जायची. भावाकडे, आठ दिवस. एरवी ती परतेपर्यंत सारवण थांबायचं; त्या वर्षी पहिल्यांदाच ती गेल्यावर खळं सारवायला शेजारची काकू आली. दुसऱ्या दिवशी बापू ओट्यावर डोकं धरून बसलेले. दहापैकी एकही चेंडू डब्यात नाही. सगळे उजवीकडे, चांगली चार बोटं लांब.

"हात गया मॅडम," म्हणाले. "आते संपनं सगळं."

मला त्यांचा चेहरा बघवेना. मी शाळेतून पाणसळ आणली, गवंडी वापरतात ती बुडबुड्याची. आडवी लावली, उभी लावली. खळं सपाट, अगदी ताटासारखं. मग चेंडू डावी-उजवीकडे जातोच कशाला? मी उन्हात, हुज्जत घालायच्या जिद्दीनं, जमिनीला गाल लावून बघितलं. आणि मला ते दिसलं.

शेणानं सारवताना बाईचा हात अर्धगोल फिरतो. ओल्या शेणात बोटांचे ठसे उमटतात, बारीक बारीक रेषा, आणि वाळल्या की त्या तशाच राहतात. उभ्यानं दिसत नाहीत, पायाला कळत नाहीत. पण चेंडूचा वेग मरायला लागला की तो त्या रेषांना धरून जातो. शेजारची काकू डावखुरी होती. तिच्या रेषा उलट्या होत्या.

म्हणजे इतकी वर्षं बापू जमीन वाचत नव्हते, जिजीचा हात वाचत होते. तो त्यांना पाठ झाला होता. आणि दर सोमवारी त्या परक्या गवतावर, जिथे जिजीचा हात कधी फिरलाच नव्हता, तिथे ते तिच्या हिशेबानं दोन बोटं उजवीकडे धरत होते.

मी हे सांगितलं तेव्हा मला फार हुशारी वाटत होती. शाबासकी मिळेल असं वाटलं. बापू खाली बसले. तळहात जमिनीवर ठेवला, काकूच्या सारवणावर, आणि उचलला. मग म्हणाले, "हाई गोट तिले सांगू नका."

"का? त्यात काय आहे सांगायला?"

"तिले वाटी, तिन्हाच हातमुळे मन्हं अडकनं. तीन वरीस ती पातळ लईसन बठेल शे. नका सांगू."

मी शब्द दिला. त्या शब्दाचं मला आज काय वाटतं ते मी शेवटी सांगते. नाही, आत्ताच सांगते. तो शब्द मी मोडायला हवा होता. जिजी रडली असती, चिडली असती, दोन दिवस बापूंशी बोलली नसती, आणि मग हसली असती. ती हसलीच असती. मी तिला ओळखत होते.

त्यानंतर बापूंनी खळ्यावर खेळणं बंद केलं. मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून मी शाळेचा व्हरांडा मिळवला. शाळा सुटली की बापू तिथे यायचे. शहाबादी फरशी, तिलाही उतार होता, पण तो पाणी जायला केलेला उघड उतार होता. पावसाळाभर ते तिथे ती दोन बोटं विसरायला बसले. विसरणं शिकण्यापेक्षा कठीण असतं हे मी वर्गात पोरांना सांगते, पण बघितलं ते तिथे. नजर सरळ धरायची आणि हात आपोआप उजवीकडे जायचा. बापू स्वतःच्या मनगटावर दुसऱ्या हाताने चापट मारायचे. महिना दीड महिना असा गेला. मग हळूहळू चेंडू सरळ जायला लागला.

आणि इकडे जिजी.

पावसाळा संपला की खळं नव्याने करतात. माती उकरून, पाणी मारून, चोपून, मग सारवण. त्या वर्षी जिजीने ते जसं केलं तसं मी कुणाचं बघितलं नाही. दोनदा चोपलं, तीनदा सारवलं. गाईचंच शेण, चाळून घेतलेलं. झाल्यावर बापूंना म्हणाली, देखा. बापूंनी बघितलं, चांगलं शे म्हणाले, आणि काठी उचलून शाळेकडे गेले. मिरची आली. तिने मिरची पसरली आणि विहिरीपासून डब्यापर्यंत वाट सोडली. त्या वाटेवर कुणी उभं राहिलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तिने परत सोडली. अख्खा हंगाम ती रोज वाट सोडत राहिली.

एका रविवारी मी तिच्यासोबत मिरचीची देठं खुडत बसले होते. तिने मान वर न करता विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकेल शेतस. खरं सांगा. मन्हा सारवणमा काय खोट शे?"

माझ्या हातातली मिरची तशीच राहिली.

"काही खोट नाही जिजी. असं का विचारता?"

"तो आठे खेळत नही आते. पह्यले मिरचीमाबी खेळे, डोया जळेत तरी खेळे. मी काय बिघाडं? शेण पातळ व्हयनं का? हात जड व्हयना का मन्हा?"

मी म्हणाले, "शाळेची फरशी गार असते ना, म्हणून जातात."

ती थोडा वेळ मिरच्या खुडत राहिली. मग "हाव" म्हणाली. एवढंच. शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणून तिने ते मानून घेतलं, आणि विश्वास ठेवला नाही. पुढल्या शुक्रवारी तिने परत सारवलं, आणखी दाट, गुडघ्यावर बसून, पुढून मागे सरकत, तो अर्धगोल हात आणखी जोर देऊन फिरवत. मी खिडकीतून बघत होते. ती जितकं नीट करत होती तितक्या त्या रेषा खोल जात होत्या, आणि मी तोंड शिवून बसले होते.

डिसेंबरच्या एका सोमवारी बापू दुपारच्या गाडीने आले ते फाटकातून थेट खळ्यावरून, मिरचीवरून, सरळ चालत आले. पायाखाली मिरच्या कडाकडा मोडल्या. हातात कार्ड होतं. अठरा. सामन्याचं बोलावणंही त्याच्यासोबत, दोन माणसांचं. जिजीने कार्ड उलटसुलट करून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. "मन्हं नाव शे का याम्हा?" तिने विचारलं. नाव नव्हतं, नुसतं 'व परिवार' होतं. मी म्हणाले, आहे. ते खोटं मला आजही खुपत नाही.

बापू सामन्याच्या दिवशी तिला सांगणार होते. मला हळूच म्हणाले, "तठे खुर्चीवर बसाडसू, गवत दाखाडसू, आनि तठेच सांगसू तिन्हा हातनी गोट. हसी ती." त्यांना ते असं सजवून द्यायचं होतं, सणाच्या दिवसासारखं. माझीही मान डोलली. दीड महिना तर होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिजीला ताप आला. गुरुवारी सारवणाचं शेण कालवून ठेवलं होतं, ते तसंच टाकून ती खाटेवर पडली. शुक्रवारी उठून अंगात ताप असताना सारवून आली. मी रागावले तर म्हणाली, वाळी जाई ना कालवेल शेण. शनिवारी नंदुरबारला दवाखान्यात नेलं. तिथे ती पाच दिवस होती. डॉक्टर धावपळ करत होते, बाटल्या बदलत होते. बापू तिच्या पायाशी बसून. तिसऱ्या दिवसापासून ती कुणाला ओळखत नव्हती. बापूंनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "आते सांगू का? ऐकू जाई का तिले?"

मी म्हटलं, सांगा.

ते आत गेले, तिच्या कानाशी वाकले, आणि बोलायला लागले. जमिनीचं, रेषांचं, दोन बोटांचं. मी दाराशी उभी होते. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बापू सांगत राहिले, मग परत पहिल्यापासून सांगायला लागले. नर्सने येऊन त्यांना बाजूला केलं तेव्हा ते तिसऱ्यांदा सांगत होते.

जिजी गेली, आणि सामना तेरा दिवसांच्या आतच आला. बापू डोकं भादरून, खांद्यावर पंचा टाकून ओट्यावर बसलेले. कार्ड कोनाड्यात. आपणहून म्हणाले, "तिनं देखं नही. मी कसाले देखू?" त्यानंतर ते कधीही त्या मैदानावर गेले नाहीत. सोमवार इतर वारांसारखाच आला आणि गेला.

पण खळ्यावर ते परत आले. तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी. पहाटे मला टक्, खण्ण ऐकू आलं आणि मी उठून बसले. जिजीने तापात सारवलेलं ते शेवटचं सारवण होतं. बापू विहिरीपाशी उभे राहून दोन बोटं उजवीकडे धरत होते. चेंडू जायचा, शेवटी हळूच डावीकडे झुकायचा, डब्यात पडायचा. सहा महिने शाळेच्या व्हरांड्यात जे विसरले होते ते त्यांनी एका सकाळीत परत मिळवलं. प्रत्येक चेंडू झुकला की ते मान हलवायचे, कुणी काही बोललं आणि पटलं तशी.

त्यांनी कुणाला सारवू दिलं नाही. भावजय म्हणाली, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. उरलेली मिरची भावाच्या शेतात वाळत घातली. कोंबड्या हाकलल्या. दुपारी ऊन लागून पोपडे उडतील म्हणून जुनी धोतरं अंथरायचे. पण सारवण किती टिकणार? आठ दिवसांचं काम ते. फेब्रुवारीत कडा सुटल्या, मार्चमध्ये मधे भेगा पडल्या. गरम वारा सुटला की भुकटी उडायची. मी एकदा म्हटलं, "बापू, मी सारवून देते. जिजीसारखा हात फिरवते, बघून बघून पाठ झालंय मला." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमना हात तुमनाच ऱ्हाई, मॅडम." डब्यात पडणारे चेंडू कमी होत चालले. दहात सहा. दहात तीन. मी सकाळी आत बसून आवाज मोजायचे. टक्, आणि मग पुढे काहीच नाही.

आखाजी आली. वर्षात घरचं माणूस गेलेलं असलं की त्या आखाजीला त्याच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, पाणी, वर खरबूज. आणि ती घागर ताज्या सारवलेल्या जमिनीवरच मांडायची असते. त्यासाठी थोरली लेक शहाद्याहून आली. माहेरी आलेली लेक, आणि माहेरात आई नाही. तिने पदर खोचला, घमेल्यात शेण कालवलं आणि खळ्याच्या कडेला उभी राहिली. बापू मध्ये काठी घेऊन उभे.

"बापू, मायनी घागर भरनी शे," ती म्हणाली. "सारवनं पडी."

बापू जागचे हलले नाहीत. तीही हलली नाही. घमेल्यावर माश्या बसायला लागल्या. मी ओट्यावर होते, मला वाटलं आता हे तिला हाकलणार, आणि ती पोर तिथेच रडणार. मी पुढे होणार तेवढ्यात बापू म्हणाले, "एक चेंडू मारू दे."

ते विहिरीच्या टोकाला गेले. चेंडू ठेवला. खाली बसून उलटा तळहात जमिनीला लावला. उभे राहिले, आणि डब्याच्या दोन बोटं उजवीकडे नजर धरली. लेक बघत होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बापूंनी चेंडू ढकलला. तो गेला, वेग मंदावला, डब्यापाशी आला, आणि झुकला नाही. डब्याच्या उजवीकडून, दोन बोटं अंतर ठेवून, सरळ पुढे गेला आणि ओट्याला लागून थांबला.

बापू त्याच्याकडे बघत राहिले. शाळेच्या व्हरांड्यात सहा महिने त्यांना हेच हवं होतं.

"सरळ गया," ते म्हणाले. मग काठी लिंबाला टेकवून ठेवली आणि लेकीला म्हणाले, "सारव, बेटा. आठे आते कोनी नही."